तारण, देवाची निवड आणि माणसाची इच्छा: कॅल्विनवाद आणि आर्मिनियनवाद यांच्यातील नेमका वाद

दोन माणसे एकाच सभेत बसून एकच सुवार्ता ऐकतात. दोघेही पापी, दोघांनाही तारणाची गरज सारखीच, आणि उपदेशकाचे शब्दही तेच. त्यांच्यापैकी एक जण विश्वास ठेवतो, दुसरा जसा आला तसा उठून जातो. हा फरक शेवटी कोणामुळे पडला, देवामुळे की त्या माणसामुळे? प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मविचारात गेली चारशे वर्षे चाललेला कॅल्विनवाद आणि आर्मिनियनवाद यांचा वाद या एका प्रश्नावर उभा आहे. देवाची निवड, ख्रिस्ताच्या मरणाची व्याप्ती, कृपा नाकारता येते की नाही, विश्वासणारा शेवटपर्यंत टिकतो की मध्येच गळू शकतो, हे सारे मुद्दे या प्रश्नाच्या उत्तराला फुटलेले फाटे आहेत.

वादात शिरण्यापूर्वी दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण ते दूर झाल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही. कॅल्विनवाद म्हणजे देवाने सर्व आधीच ठरवून ठेवले आहे आणि माणूस हा दोरीने नाचणारा बाहुला आहे, असे अनेकांना वाटते. आर्मिनियनवाद म्हणजे माणूस स्वतःच्या सद्गुणांच्या बळावर देवापर्यंत पोहोचतो, असे तितक्याच लोकांना वाटते. ही दोन्ही वर्णने प्रतिपक्षाने रंगवलेली आहेत आणि दोन्ही खोटी आहेत. तारण कृपेनेच होते, कर्मांनी होत नाही, आणि पापात पडलेला माणूस स्वतः होऊन देवाकडे एक पाऊलही टाकू शकत नाही, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. वाद कृपेच्या गरजेविषयी नसून कृपेच्या कार्यपद्धतीविषयी आहे.

या विचाराची मुळे पाचव्या शतकात सापडतात. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी आपल्या आत्मकथनात देवाला अशी विनंती केली आहे की, तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ तूच दे आणि मग हवी ती आज्ञा कर. ब्रिटनमधून रोमला आलेले पेलॅजियस नावाचे तपस्वी शिक्षक या विनंतीने अस्वस्थ झाले. देव आज्ञा करतो म्हणजे ती पाळण्याची शक्ती माणसात असलीच पाहिजे, नाहीतर आज्ञेला अर्थच उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑगस्टीन यांचे उत्तर असे की, आदामाच्या पतनानंतर माणसाची इच्छाच आजारी झाली आहे. तो पाप करतो ते स्वखुशीने करतो, परंतु पापाखेरीज दुसरे काही हवेसे वाटण्याची शक्ती त्याच्यात उरलेली नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलॅजियस यांची शिकवण नाकारली. त्यानंतर ५२९ मध्ये ऑरेंज येथील धर्मसभेने ठरवले की विश्वासाची पहिली इच्छासुद्धा कृपेनेच निर्माण होते. मात्र देव कोणाला दुष्कर्मासाठी नेमतो ही कल्पना तिने ठामपणे धिक्कारली. कॅल्विनवादी आणि आर्मिनियन हे दोघेही या निर्णयाच्या चौकटीत बसतात. म्हणून आर्मिनियनांना सरसकट पेलॅजियसचे अनुयायी ठरवणे अन्यायाचे आहे.

फ्रान्समधील नोयाँ येथे १५०९ मध्ये जन्मलेले आणि जिनिव्हामध्ये १५६४ मध्ये वारलेले जॉन कॅल्विन यांनी ऑगस्टीन यांचाच धागा पुढे नेला. पूर्वनियोजनाचा, म्हणजे कोणाचे तारण होणार हे देवाने आधीच ठरवले आहे असे सांगणारा, सिद्धांत त्यांनी एकट्याने शोधून काढला असे नाही. मार्टिन ल्यूथर यांनीही १५२५ मध्ये डच विद्वान इरास्मस यांना उत्तर देताना माणसाची इच्छा पापाची गुलाम आहे असेच प्रतिपादन केले होते. कॅल्विन यांचे वैशिष्ट्य हे की त्यांनी तो विचार पद्धतशीर मांडला. त्यांच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या अखेरच्या आवृत्तीत निवडीचे विवेचन देवाच्या स्वरूपाच्या प्रकरणात येत नाही. ते तिसऱ्या भागात, विश्वास, पश्चात्ताप, नीतिमान ठरवले जाणे आणि प्रार्थना यांच्यानंतर येते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला आधीच कृपा मिळाली आहे त्याने मागे वळून पाहावे आणि ही कृपा आपल्या लायकीमुळे मिळाली नाही हे ओळखावे, यासाठी तो विषय तिथे आहे. ज्यांना देव सोडून देतो त्यांच्याविषयीचा देवाचा ठराव भयप्रद आहे, हेही कॅल्विन यांनी त्याच ग्रंथात स्पष्टपणे कबूल केले आहे.

कॅल्विन यांच्यानंतर जिनिव्हाची धुरा थिओडोर बेझा यांच्याकडे आली आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांमध्ये याकोबस आर्मिनियस होते. आर्मिनियस यांचा जन्म १५६० च्या सुमारास नेदरलँड्समधील आउडेवाटर या गावी झाला. १५७५ मध्ये स्पॅनिश सैन्याने त्या गावात केलेल्या कत्तलीत त्यांचे कुटुंब नष्ट झाले. ते १५८८ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये पाळक आणि १६०३ मध्ये लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. ते बाहेरचे विरोधक नव्हते. ते त्याच सुधारित मंडळीचे, म्हणजे कॅल्विन यांच्या परंपरेतील मंडळीचे, पाळक होते आणि कॅल्विन यांच्या बायबलवरील भाष्यांची त्यांनी मनापासून प्रशंसा केली आहे. त्यांना खटकत होते ते एवढेच की, देवाने काही माणसे केवळ नाशासाठी नेमली असे मानले तर पापाचे खापर शेवटी देवाच्याच माथी फुटते. लायडनमधील सहकारी फ्रान्सिस्कस गोमारुस यांच्याशी त्यांचा तीव्र वाद झाला. १६०८ मध्ये हॉलंडच्या प्रांतसभेपुढे त्यांनी आपले मत सविस्तर मांडले आणि १६०९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे एक निवेदन सादर केले. त्यात म्हटले होते की, जे विश्वास ठेवतात आणि त्या विश्वासात टिकतात त्यांना तारण्याचे देवाने ख्रिस्तामध्ये ठरवले. ख्रिस्त सर्व माणसांसाठी मेला, परंतु त्याचा लाभ विश्वासणाऱ्यालाच होतो. पवित्र आत्म्याने नवा जन्म दिल्याशिवाय माणूस खरे चांगले काहीही करू शकत नाही. कृपा ही सर्व चांगल्याची सुरुवात, वाढ आणि पूर्तता आहे, तथापि ती नाकारता येते. आणि खरा विश्वासणारा कृपेपासून ढळू शकतो की नाही हे शास्त्रातून अधिक तपासून पाहिले पाहिजे. तिसऱ्या कलमात माणसाच्या असमर्थतेची पूर्ण कबुली आहे आणि पाचव्या कलमात त्यांनी निर्णय राखून ठेवला आहे, या दोन गोष्टी आजच्या चर्चांमध्ये सहसा विसरल्या जातात.

या निवेदनाचा विचार करण्यासाठी नेदरलँड्समधील डॉर्ट येथे नोव्हेंबर १६१८ पासून मे १६१९ पर्यंत धर्मसभा भरली. इंग्लंड, जर्मन प्रदेश आणि स्वित्झर्लंड येथूनही प्रतिनिधी आले होते. सभेने पाचही मुद्द्यांवर निवेदनकर्त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला आणि सुमारे दोनशे पाळकांना पदावरून काढण्यात आले. या वादात राजकारण पूर्ण मिसळले होते. निवेदनकर्त्यांचे पाठीराखे असलेले ज्येष्ठ मुत्सद्दी ऑल्डनबार्नेव्हेल्ट यांचा राजपुत्र मॉरिस यांच्याशी सत्तेवरून संघर्ष चालू होता, आणि १३ मे १६१९ रोजी ऑल्डनबार्नेव्हेल्ट यांचा शिरच्छेद झाला. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांना जन्मठेप झाली, तिच्यातून ते १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून निसटले. देवाच्या कृपेविषयीचा वाद तलवारीने मिटवण्याचा हा प्रयत्न दोन्ही बाजूंच्या आजच्या विचारी माणसांना लाजिरवाणा वाटतो, आणि तसे वाटणे योग्यच आहे.

कॅल्विनवादाचे जे पाच मुद्दे आज सांगितले जातात ते डॉर्टच्या या निर्णयांवर आधारलेले आहेत. इंग्रजीत ते ट्यूलिप या फुलाच्या नावातील पाच अक्षरांवरून लक्षात ठेवतात, परंतु ती युक्ती विसाव्या शतकातली आहे आणि तिने मूळ क्रमही बदलला आहे. डॉर्टने निवडीपासून सुरुवात केली होती. शिवाय हे पाच मुद्दे म्हणजे पाच आक्षेपांना दिलेली उत्तरे आहेत. संपूर्ण कॅल्विनवादाचा सारांश म्हणून ते कोणी लिहिलेले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणूस पापात मेलेला आहे, असे इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो, आणि पित्याने ओढल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही असे योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो. दोन्ही पक्ष ही वचने मान्य करतात. कॅल्विनवादी यावरून पुढे जातो: मेलेल्याला निवड करता येत नाही, म्हणून विश्वास ठेवण्यापूर्वीच देवाने त्याला नवे जीवन दिले पाहिजे. नवा जन्म आधी, विश्वास नंतर. हे नवे जीवन देव ज्यांना देतो ते निश्चितपणे विश्वास ठेवतात, कारण त्यांचे हृदयच बदललेले असते. ख्रिस्त त्यांना आता खरोखर हवासा वाटतो. यात जबरदस्ती नसते, हे डॉर्टच्या निर्णयांत स्पष्ट लिहिले आहे. ही कृपा माणसांना लाकडाच्या ओंडक्यांसारखे वागवत नाही, ती इच्छेला मोडत नाही. ती इच्छेला बरे करते आणि वळवते, असे तिथे म्हटले आहे. म्हणून या कृपेला अटळ म्हणायचे ते तिच्या परिणामाच्या अर्थाने.

आर्मिनियन उत्तर वेगळे आहे. देव प्रत्येकापर्यंत अशी कृपा पोहोचवतो की जिच्यामुळे मेलेल्या इच्छेला होकार देण्यापुरती शक्ती परत मिळते. या कृपेला पूर्वगामी कृपा म्हणतात, कारण ती माणसाच्या प्रत्येक हालचालीच्या आधी येते. ती कधी आणि किती व्यापक मिळते याविषयी आर्मिनियनांमध्ये मतभेद आहेत. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या परंपरेत ती जगातील प्रत्येक माणसाला काही प्रमाणात मिळालेली आहे आणि सदसद्विवेकबुद्धी हेही तिचेच फळ आहे, असे मानतात. या कृपेने माणूस होकार देण्यास समर्थ होतो, परंतु होकार देणे अपरिहार्य होत नाही. येशूने यरुशलेमसाठी केलेला विलाप आणि तुम्ही सदैव पवित्र आत्म्याला विरोध करता हे स्तेफनाचे शब्द ते आधार म्हणून पुढे करतात. विश्वास हे पुण्यकर्म नव्हे, दान स्वीकारण्यासाठी रिकामा हात पुढे करण्याने कोणी दानाचा धनी ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

निवडीचा प्रश्न यातूनच उद्भवतो. जगाच्या स्थापनेपूर्वी देवाने आपल्याला ख्रिस्तामध्ये निवडले, असे इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. त्यामुळे निवड आहे की नाही हा प्रश्न कोणत्याच पक्षापुढे नाही. निवड कशाच्या आधारावर, हा प्रश्न आहे. कॅल्विनवादी सांगतो की माणसातील कोणत्याही गोष्टीच्या आधारावर नाही, भावी विश्वासाच्या आधारावरही नाही. विश्वास हे निवडीचे फळ आहे, कारण नव्हे. यासाठी तो रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाकडे जातो, जिथे याकोब आणि एसाव जन्मले नव्हते, त्यांनी बरेवाईट काही केले नव्हते, तरी देवाचा निर्णय झालेला होता, असे पौल म्हणतो. पुढे तोच पौल एका आक्षेपकाला बोलते करतो: असे असेल तर देव दोष का लावतो, त्याच्या इच्छेला कोण अडवणार? कॅल्विनवादी वाचकाला वाटते, आणि मलाही ते मान्य करावे लागते, की आपल्या शिकवणीवर घेतला जाणारा नेमका हाच आक्षेप पौलाला अपेक्षित होता. विश्वास ठेवतील त्यांना देव निवडतो एवढेच पौल म्हणत असता तर हा आक्षेप कोणाला सुचलाच नसता.

आर्मिनियन वाचक त्याच अध्यायाकडे पूर्ण संदर्भासह पाहण्याचा आग्रह धरतो. नवव्यापासून अकराव्या अध्यायापर्यंत पौलाचा विषय इस्राएल राष्ट्र आणि विदेशी लोक यांच्याविषयी देवाने दिलेली वचने हा आहे. याकोब आणि एसाव ही दोन राष्ट्रांच्या मूळपुरुषांची नावे आहेत, आणि शेवटी पौल इस्राएलाच्या अडखळण्याचे कारण म्हणून त्यांचा अविश्वासच सांगतो. अकराव्या अध्यायात तर ज्या फांद्या छाटल्या गेल्या त्या अविश्वासात राहिल्या नाहीत तर पुन्हा कलम केल्या जातील, असे आहे. हा युक्तिवाद वजनदार आहे. याच विचारातून पुढे सामूहिक निवडीची मांडणी आली: देवाने ख्रिस्ताला निवडले, ख्रिस्तामध्ये असलेल्या लोकसमूहाला निवडले, आणि विश्वासाने जो कोणी ख्रिस्ताशी जोडला जातो तो त्या निवडीत सहभागी होतो. जुन्या आर्मिनियन मांडणीपेक्षा ही मांडणी मला अधिक मजबूत वाटते. कोण विश्वास ठेवील हे देवाने पूर्वज्ञानाने पाहिले आणि त्यांना निवडले, असे जुनी मांडणी म्हणते. परंतु ज्यांना देवाने पूर्वी जाणले असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे तिथे पौल माणसांविषयी बोलतो, त्यांच्या विश्वासाविषयी बोलत नाही, हा कॅल्विनवाद्यांचा आक्षेप सहज टाळता येत नाही.

पूर्वज्ञानाबरोबर आणखी एक कोडे येते. उद्या मी काय करणार हे देवाला आजच निश्चित माहीत असेल तर उद्या मी वेगळे काही करू शकेन का? आर्मिनियन म्हणतो की जाणणे म्हणजे घडवून आणणे नव्हे. मी ते करणार आहे म्हणून देव ते जाणतो. स्पेनमधील जेझुइट विद्वान लुइस दे मोलिना यांनी १५८८ मध्ये यापुढे जाऊन असे सुचवले की कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील हेही देवाला ठाऊक असते, आणि ते जाणूनच तो जगाची रचना करतो. यावरून कॅथलिक मंडळीत जेझुइट आणि डोमिनिकन या दोन संन्यासी संघांत इतके भांडण पेटले की ते रोमपर्यंत गेले आणि १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणत्याही बाजूने निर्णय न देता ते थांबवले. म्हणजे हा प्रश्न केवळ प्रॉटेस्टंटांचा नाही.

कॅल्विनवादाच्या आतही एक सूक्ष्म मतभेद आहे. देवाने निवड केली तेव्हा त्याच्या दृष्टीपुढे कोणता माणूस होता, अजून न निर्मिलेला की पापात पडलेला? बेझा आणि गोमारुस पहिले उत्तर देत. त्यात निवड आणि नाकारणे यांचा ठराव पतनाच्या ठरावाआधी येतो. डॉर्टने दुसऱ्या उत्तराची भाषा स्वीकारली: सर्व मानवजात स्वतःच्या दोषाने पडली, त्या पडलेल्यांतून देवाने काहींना दयेने उचलले आणि बाकीच्यांना त्यांच्याच पापात राहू दिले. यात काळाच्या आधी-नंतरचा प्रश्न नाही, तर्काच्या क्रमाचा आहे. तरीही फरक मोठा आहे, कारण दुसऱ्या मांडणीत ज्यांचा नाश होतो त्यांना न्याय मिळतो आणि ज्यांचे तारण होते त्यांना दया मिळते. अन्याय कोणावरच होत नाही. आर्मिनियस यांचा सर्वांत कडवा विरोध पहिल्या मांडणीला होता.

यापुढचा प्रश्न इच्छास्वातंत्र्याचा आहे आणि इथे दोन्ही पक्ष पुष्कळदा एकमेकांशी न बोलता एकमेकांच्या शेजारून जातात, कारण स्वातंत्र्याची त्यांची व्याख्याच भिन्न आहे. समजा, एक माणूस खोलीत आपल्या जिवलग मित्राशी गप्पा मारत बसला आहे आणि दाराला बाहेरून कुलूप आहे, हे त्याला माहीत नाही. त्याला उठून जायचे नाही. तो आनंदाने बसला आहे. तो स्वेच्छेने बसला आहे काय? कॅल्विनवादी म्हणेल, होय. तो त्याला हवे तेच करत आहे आणि कोणी त्याला दाबून बसवलेले नाही, स्वातंत्र्याला एवढे पुरेसे आहे. आर्मिनियन म्हणेल, बसणे ऐच्छिक असेल, पण ज्याला दुसरा मार्गच नव्हता त्याला जबाबदार कसे धरता येईल? खरे स्वातंत्र्य म्हणजे त्याच क्षणी वेगळे करण्याची शक्यता. जोनाथन एडवर्ड्स यांनी १७५४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पहिल्या व्याख्येची सर्वांत काटेकोर मांडणी केली. माणूस नेहमी त्या क्षणी जे सर्वांत बलवान वाटते त्या प्रेरणेप्रमाणे निवडतो. कोणत्याही कारणाशिवाय झालेली निवड ही स्वतंत्र नव्हे तर आंधळी ठरेल, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आर्मिनियनाचे यावरचे उत्तर असे की निवडीचे कारण ती करणारा माणूस स्वतःच असतो, आणि एवढे मानले नाही तर देवाच्या आज्ञा, इशारे आणि विनवण्या यांचा सरळ अर्थ हरवतो.

ख्रिस्ताच्या मरणाच्या व्याप्तीविषयी थोडक्यात सांगता येईल. ते मरण सर्व जगाच्या पापांसाठी पुरेसे आहे, हे डॉर्टनेही स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. मतभेद उद्देशाविषयी आहे: ख्रिस्त निवडलेल्यांचे तारण निश्चितपणे साधण्यासाठी मेला की सर्वांचे तारण शक्य करण्यासाठी? कॅल्विनवादी म्हणतो की एकाच पापाची शिक्षा ख्रिस्तानेही भोगावी आणि नंतर पाप्यानेही भोगावी, हे न्यायाला धरून नाही. आर्मिनियन योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवतो, जिथे ख्रिस्त केवळ आमच्याच नव्हे तर सर्व जगाच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे असे म्हटले आहे. पाच मुद्द्यांपैकी कॅल्विनवादाची ही बाजू मला सर्वांत दुबळी वाटते. फ्रान्समधील मोइज आमिरो (१५९६–१६६४) यांच्यासारख्या सुधारित परंपरेतल्याच विद्वानांनी ख्रिस्ताचे मरण एका अर्थाने सर्वांसाठी आहे असे प्रतिपादन केले, यावरून ही अडचण आतल्या लोकांनाही जाणवत होती हे दिसते.

प्रत्येक पक्षाला आपल्या उत्तराची किंमत मोजावी लागते आणि ती किंमत प्रामाणिकपणे सांगणाऱ्याशीच बोलण्यात अर्थ आहे. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. देव कोणाचेही हृदय बदलू शकतो असे कॅल्विनवादी मानतो, मग तो सर्वांचे का बदलत नाही? देवाची प्रकट इच्छा वेगळी आणि गुप्त ठराव वेगळा, हे त्यावरचे परंपरागत उत्तर आहे. ते तर्काला पुरते, पण हृदयाला जड जाते. उलट, आर्मिनियनाला आरंभीच्या त्या दोन श्रोत्यांचे उत्तर द्यावे लागते. कृपा दोघांनाही पुरेशी मिळाली होती, मग एकाने होकार का दिला? तो अधिक नम्र होता, अधिक शहाणा होता, असे म्हटले तर बढाई मारायला जागा उरते, आणि ती जागा पौलाने बंद केली आहे. काहीच कारण नव्हते असे म्हटले तर निर्णय अकारण ठरतो. मला कॅल्विनवादाचे उत्तर या ठिकाणी अधिक खोल वाटते आणि देवाच्या प्रेमाच्या विस्ताराविषयी आर्मिनियनांचे वाचन अधिक सरळ वाटते. ल्यूथरपंथी मंडळ्यांनी १५७७ च्या आपल्या विश्वासपत्रात जवळपास हेच केले: ज्याचे तारण होते त्याचे श्रेय पूर्णपणे देवाच्या निवडीला, ज्याचा नाश होतो त्याचा दोष पूर्णपणे माणसाला, आणि या दोन विधानांची तर्काने सांधेजोड करण्याचा अट्टहास नाही. पुष्कळांना ही पळवाट वाटते. मला ती शास्त्राने जिथे थांबवले तिथे थांबण्याची तयारी वाटते.

सिद्धांताचा आचरणावर काय परिणाम होतो याविषयीही घाईने बोलले जाते. निवड मानणारा सुवार्ता सांगणार नाही, असा तर्क केला जातो. परंतु १७९३ मध्ये बंगालला निघालेले विल्यम कॅरी कॅल्विनवादी बाप्टिस्ट होते. अठराव्या शतकातील इंग्लंडच्या जागृतीत जॉर्ज व्हाइटफील्ड हे कॅल्विनवादी आणि जॉन वेस्ली हे आर्मिनियन, दोघेही उघड्या मैदानांत हजारोंपुढे उपदेश करत होते. वेस्ली यांनी १७३९ मध्ये पूर्वनियोजनावर कडक टीका करणारे प्रवचन दिले, व्हाइटफील्ड यांनी त्याला छापील पत्राने उत्तर दिले, आणि काही काळ दोघांत दुरावा आला. तरी पुढे त्यांच्यातील स्नेह पुन्हा जुळला आणि १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर लंडनमधील स्मृतिप्रवचन वेस्ली यांनीच दिले. आज प्रेसबिटेरियन आणि सुधारित मंडळ्या कॅल्विनवादी परंपरेत येतात. मेथडिस्ट, साल्व्हेशन आर्मी आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या आर्मिनियन परंपरेत. बाप्टिस्टांमध्ये दोन्ही आढळतात, आणि कृपा नाकारता येते असे मानूनही एकदा मिळालेले तारण गमावता येत नाही असे मानणारे त्यांच्यात पुष्कळ आहेत.

हा शेवटचा मुद्दा ज्याला आपल्या तारणाविषयी शंका छळते त्याच्यासाठी सर्वांत जवळचा आहे. माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, या येशूच्या वचनावर कॅल्विनवादी उभा राहतो: ज्याला देवाने धरले तो पडला तरी सुटत नाही, आणि जो कायमचा निघून गेला तो कधीच खऱ्या अर्थाने आत नव्हता. आर्मिनियन इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील इशाऱ्याकडे बोट दाखवतो, जिथे पवित्र आत्म्याचे भागीदार झालेल्यांच्या पतनाविषयी लिहिले आहे, आणि म्हणतो की असा इशारा पोकळ असू शकत नाही. आर्मिनियस यांनी स्वतः मात्र, खरा विश्वासणारा पूर्णपणे ढळतो असे आपण कधीच शिकवले नाही, असे सांगितले होते; ते शक्य आहे हे पुढे वेस्ली यांनी ठामपणे मांडले. दोन्ही शिकवणींत माणूस भीतीत अडकू शकतो. एकात तो विचारतो, मी निवडलेला आहे का. दुसऱ्यात तो विचारतो, मी टिकेन का. पहिला प्रश्न विचारणाऱ्याला कॅल्विन यांनी दिलेला सल्ला असा की देवाच्या गुप्त ठरावात डोकावू नका. ख्रिस्त हा आरसा आहे, आपली निवड त्याच्यातच पाहा. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला वेस्ली पवित्र आत्म्याच्या साक्षीकडे नेत, जी विश्वासणाऱ्याला तो आज देवाचे लेकरू आहे याची खात्री देते. निवड शोधण्यासाठी किंवा टिकाव मोजण्यासाठी स्वतःच्या अंतःकरणाकडेच पाहत बसा, असा सल्ला या दोघांपैकी कोणीही देत नाही.